एका माणसाला एक बोळा

बाबा, तुमचा चिमटा अजून माझ्याकडे आहे. हॉस्पिटलनं भंगारात काढलेला, टोकाशी जरासा वाकलेला. तुम्ही तो घरी आणून, उकळून मला दिलात तेव्हा मी आठवीत होतो आणि मला क्रिकेटची बॅट हवी होती. आता तो सेक्टर बावीसच्या बाजारात, एका घड्याळवाल्याच्या दुकानापुढच्या बरामद्यात, काचेच्या बरणीत स्पिरिटमध्ये उभा असतो. मी तिथं लोकांच्या हातावर गोंदतो. कॉलेज दुसऱ्या वर्षातच सुटलं. सुटलं म्हणजे मीच सोडलं. प्रॅक्टिकलच्या सरांनी एका मुलीबद्दल भर वर्गात एक घाणेरडं वाक्य टाकलं, मी स्टूल उचललं, आणि मग माफीचा कागद लिहून द्यायला काही तयार झालो नाही. ती मुलगी कोण, ते सांगतो. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तुम्हाला घाई नसेल.

आधी स्वयंपाकघर. मी सायकलवरून पडून गुडघा फोडून आलोय. तुम्ही ड्यूटीवरून नुकतेच आलात, हॉस्पिटलातल्या ऑपरेशनची हत्यारं उकळायच्या खोलीतल्या वाफेचा वास तुमच्या शर्टाला अजून आहे. तुम्ही मला ओट्यावर बसवता, कोपरापर्यंत हात धुता आणि चिमट्यात कापसाचा बोळा धरून जखमेच्या मधून बाहेर गोल गोल फिरवत नेता. बोळा टाकता. मला गंमत वाटते, मी तोच बोळा उचलून गुडघ्यावर परत फिरवतो, आणि तुमची एक सणसणीत थप्पड बसते. साफ तो है, मी रडत हिंदीत म्हणतो. मी तुम्हाला नेहमी हिंदीतच उत्तर द्यायचो. तुम्ही मात्र इतक्या लांब नोकरीला येऊनही अमरावतीचं बोलणं कधी सोडलं नाहीत. "भायेर गेलेला बोळा अंदर येत नाई, समजलं का बे? एका मानसाले एक बोळा. अन् त्याची एकच खेप." आई म्हणाली, लेकराला कशाला मारता. तुम्ही नवा बोळा घेतलात.

माझा उस्ताद जत्रांतून गोंदत म्हातारा झालेला माणूस. त्याची रेघ अजून थरथरत नाही. पण त्याच्याजवळ एका बशीत ओलं फडकं असायचं. गिऱ्हाईक बसलं की तेच फडकं त्याच्या हातावर फिरवायचं, वर छापाचा कागद दाबायचा, छाप सुकावा म्हणून तोंडानं फुंकर मारायची. ओल लागली की जांभळी होणारी कॉपिंग पेन्सिल उठेना तर तिचं टोक जिभेवर ओलं करायचं. मी पहिल्याच आठवड्यात भांडलो. डॉक्टरसाहब आए हैं, तो शेजारच्या घड्याळवाल्याला सांगायचा, अब फूल-पत्ती का भी ऑपरेशन होगा. सुया उकळायच्या आणि एक सुई एकालाच, एवढं त्यानं शेवटी मानलं. बाकी तू तुझं कर, मी माझं करतो, म्हणाला. फडकं बशीतच राहिलं.

मी केलं ते तुमचंच होतं. आधी माझे हात, कोपरापर्यंत. मग गिऱ्हाइकाचा हात साबणानं धुवून नव्या पात्यानं केस काढायचे आणि पातं लगेच टाकायचं, कारण पात्यानं डोळ्यांना न दिसणारे ओरखडे येतात आणि रोग आत शिरतो तो तिथूनच. चिमट्यानं कापूस, स्पिरिट, मधून बाहेर. ते पूर्ण वाळू द्यायचं. मग दुसरा बोळा, उकळून गार केलेल्या साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेला, त्याचा एकच पातळ हात. ओल जास्त झाली की अक्षरं पसरतात. छापासाठी बटर पेपरवर साध्या पेन्सिलीनं नाव लिहायचं, कागद पालथा करून आरपार दिसणारी उलटी अक्षरं कॉपिंग पेन्सिलीनं गिरवायची, म्हणजे कातडीवर ती सुलटी उठतात. कागद एकदा ठेवला की सरकवायचा नाही. तळव्यानं दाबून साठ मोजायचे, कोपऱ्यातून सोलायचा, फेकून द्यायचा. फुंकर नाही, बोट नाही. दहा मिनिटं नुसतं बसायचं.

त्या दहा मिनिटांत लोक बोलायचे. तुम्ही होतात तेव्हाचं हे शहर नाही, बाबा. चौकाचौकांत वाळूची पोती आणि त्यांच्यामागे बंदुका. अंधार पडायच्या आत बाजार शटर ओढून मोकळा, पंजाबात जाणाऱ्या बसगाड्या उन्हं असतानाच निघायच्या. वाटेत कोणी बस थांबवून माणसं उतरवून घ्यायचं, कोणाला घरातून उचलून न्यायचे, आणि नेणारे कोण होते हे प्रत्येक जण वेगळं सांगायचा. माझ्याकडे कंडक्टर यायचे, ड्रायव्हर यायचे, फायलीच्या कामाला सेक्रेटेरिएटमध्ये आलेले गावचे लोक यायचे. फूल, विंचू कोणी मागायचं नाही. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव. म्हणजे कुठं पडलोच तर घरी तरी पोचू. काही जण उलट मनगटावरचा जुना ॐ पुसता येईल का म्हणून विचारायला यायचे. मी नाही म्हणायचो, ते बाही खाली करून जायचे. सुरुवातीला मला जेवण जायचं नाही. मग जायला लागलं.

सर जिच्याबद्दल तसं बोलले ती मुलगी माझ्याच वर्गातली. सरदारांची मुलगी, वडील सरकारी ऑफिसात. केमिस्ट्रीच्या वहीच्या मागच्या पानांवर तिनं मला गुरुमुखी शिकवली, माझा हात धरून एकेक वळण गिरवून घेतलं. पुढं तिच्या चिठ्ठ्या मी त्याच अक्षरांत वाचल्या. स्टूल उचललं ते तिच्यासाठी, पण त्यावर ती आठ दिवस बोलली नाही. तुला माझी बाजू घ्यायची नव्हती, तुला मारायचं होतं, म्हणाली. एकदा मी तिचं नाव दंडावर गोंदायला निघालो तर तिनं कागदच फाडला. नाक्यावर बाही वर करायला लावतात, माझं नाव कशाला त्यांच्या हाती देतोस? मी चिडलो. मी चिडायचोच. पण नाव गोंदलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तिचा मोठा भाऊ बरामद्यात आला. मी त्याला ओळखायचो, तो मला ओळखतो हे मला ठाऊक नव्हतं. तो सरहद्दीकडच्या एका गावात शाळामास्तर, दर सोमवारी बसनं जायचा. त्यालाही तेच हवं होतं, नाव, बापाचं नाव, गाव, आणि गुरुमुखीत. उस्तादाला गुरुमुखी येत नाही, म्हणून त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. मी छाप तयार केला, त्याचा हात धुतला, केस काढले. तो माझ्याकडे बघत होता.

"तू वही है ना, स्टूलवाला?" तो म्हणाला. घड्याळवाला हसला. मग भाऊ आवाज खाली आणून अगदी नीट, समजुतीनं बोलला. तिचं लग्न ठरतंय. आमच्या घरात आधीच भीती कमी नाही. तू चांगल्या घरचा मुलगा आहेस, बाजूला हो. "हाथ अच्छा चलता है तेरा, छोटे भाई. इसी में ध्यान दे."

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं, मी बरामद्यात त्याच्याशी मारामारी करून मोकळा झालो असतो. माझे कान तापले. एवढंच डोक्यात आलं की याच्यासाठी कशाला एवढं. बशीतलं फडकं उचललं, दहा मिनिटांपूर्वी उस्तादानं एका ट्रकवाल्याचा गोंदलेला हात त्याच फडक्यानं पुसला होता. ते मी तिच्या भावाच्या नुकत्याच भादरलेल्या हातावर फिरवलं आणि कागद दाबला. साठ मोजले. छाप छान उठला. उकळलेली सुई घेतली आणि गोंदलं. झाल्यावर त्यानं हात उजेडाकडे वळवून अक्षरं वाचली. मग म्हणाला, "ये तो उसकी लिखाई है." आणि बाही न ओढताच उठला, कारण हात सुजला होता.

तीन महिन्यांनी ती आली. भर दुपारी, सगळ्यांसमोर. भावाचे डोळे पिवळे झालेत, तुमच्या हॉस्पिटलात ठेवलंय. डॉक्टर म्हणतात गावचं पाणीही असेल, गोंदणंही असेल, सांगता येत नाही. घरचे मात्र माझंच नाव घेत होते. "सुई तर उकळलेली होती ना?" ती म्हणाली. "तेवढं सांग." मी म्हणालो, होती, आणि ती फक्त त्याचीच होती. ते खरं होतं. तिनं मान हलवली. "मी घरी हेच सांगितलं. म्हटलं, तो असं कधी करणार नाही." आणि गेली.

मी वॉर्डापर्यंत गेलो होतो. दारातून चादरीवरचा त्याचा हात दिसला, त्यावर तिचं अक्षर. आत गेलो नाही. दाढीच्या आरशातले तुमचे पिवळे डोळे आठवले. हातमोज्यातून सुई टोचल्याचं तुम्ही घरी कुणाला बोलला नव्हतात, आईला ते तुम्ही गेल्यावर डॉक्टरांकडून कळलं. तो वाचला. दोन महिने पडून होता, नोकरी गेली, मग सगळं घर दिल्लीला मामाकडे निघून गेलं. तीही. तिचं लग्न झालं असेल. फडकं मी त्याच आठवड्यात जाळलं, उस्ताद शिव्या देत राहिला, मग त्यानंही कापूस आणला. आता आमच्या बरामद्यात सगळं तुमच्या पद्धतीनं चालतं.

आईला यातलं काही ठाऊक नाही. हा कागद पोस्टात टाकायचा नाही, म्हणून तर लिहिता आला. ती बरामद्यात आली तेव्हा तिनं सुईचं विचारलं, मी सुईचं सांगितलं. फडक्याचं तिला माहीतच नव्हतं, ती विचारणार कशी. उस्तादाला वाटतं, त्या दिवशी घाईत माझ्याकडून बोळा राहून गेला असेल, आणि मी त्याला तसंच वाटू दिलंय. बाबा, मी विसरलो नव्हतो. बरणी माझ्या हातापासून वीतभर होती. मी चिमट्याकडे बघितलं, आणि फडकं उचललं.