शिट्टीला न आलेला

अहो शिट्टीबहाद्दर,

हे पत्र टाकणार नाही. पत्ता कळला तर दारात येऊन उभे राहाल.

कुत्रा हरवल्याची तुमची जाहिरात दुकानात वाचली. ‘शिट्टी वाजवली की धावत येतो,’ म्हणे! कुत्रे घरातून का पळतात, यावर लोकांचे वर्ग घेता, आणि पळाला तुमचाच. जेवायला शिट्टी, गप्प बसायला शिट्टी. त्याला आणि मला एकच पुरत होती. वर्षापूर्वी मी निघून आले, तेव्हा मात्र जाहिरात नव्हती.

तो माझ्याकडे आहे, आपल्या पायांनी आलाय. काल तुम्ही आमच्या गल्लीत शिट्टी मारत फिरलात. त्याने खाटेखाली डोकं खुपसलं, हलला नाही.

मी मात्र साबणाच्या हातांनीच दाराच्या कडीपर्यंत धावले.

तुमच्याकडून आधी पळालेली