तुझी उजवी की जगाची?

५ एप्रिल, शनिवार
आज मालकीणबाईंनी तबेल्यातच सांगून टाकलं. घोडीच्या तोंडावर! "मावशी फार नाटकी झालीय. महिन्यात तिसऱ्यांदा बुजली. सत्तावीस तारखेच्या स्पर्धेत नीट चालली तर राहील. नाहीतर मी तिला विकणार."
मावशी निवांत गवत चघळत होती.
चौदा वर्षांची आहे, म्हणून सगळे मावशी म्हणतात. चार वर्षं मी तिच्यावर बसतेय. ती तबेल्याची, माझी नाही — ठाऊक आहे. मनाला कोण सांगणार!
जाता जाता नाव देऊन आले. दोघींची पहिलीच स्पर्धा. नकाशा बघत रानवाटांनी अठरा किलोमीटर, एकटीनं, ठरलेल्या वेगानं. शेवटी अडथळे. नकाशा आणि मी!

६ एप्रिल
नवरा पोट धरून हसला. गाडीत मी "उजवीकडे घे" म्हटलं की तो दरवेळी विचारतो, "तुझी उजवी की जगाची?"
माझा काय दोष? बावीस वर्षं कवळ्या बनवतेय. दिवसभर दुसऱ्याचा जबडा समोर. त्याची उजवी ती माझी डावी. डोक्याचा पार भुगा झालाय.

१० एप्रिल
मास्तर शिकवायला तयार झाले. हुश्श! घोडेस्वारी शिकवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. तोंड मात्र तिखट. माझी अडचण ऐकून म्हणाले, "डोक्यात राहत नाही ना? मग तोंडानं बोला. वळायच्या दहा पावलं आधी, मोठ्यानं. आणि ज्या बाजूला वळायचंय, तिकडे मानेवर थाप मारा. म्हणजे हाताच्याही लक्षात राहील."
उजव्या मनगटाला लाल रबरबँड लावलाय. "उजवी!" थाप. "डावी!" थाप. दोघी जणी शेजारून खुसुखुसु हसत गेल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१३ एप्रिल, रविवार
फाटकाचा सराव. घोड्यावरून न उतरता उघडायचं, पार व्हायचं, लावायचं. डाव्या हाताचं पहिल्या झटक्यात जमलं. उजव्या हाताचं — मावशीनं आधी खांबाला बरगड्या घासल्या, मग माझा गुडघा आपटला. टरारून सुजलाय.
मालकीणबाई कठड्याला टेकून बघत होत्या. "बघा. नाटकं!"
मला मावशीचा राग आला. खरंच आला. डावीकडे येतं तर उजवीकडे का नाही, बये?

१६ एप्रिल
उजवी, डावी, उजवी, उजवी. घसा बसला.

१९ एप्रिल
सकाळी कोणीतरी लिदीची ढकलगाडी उजवीकडून आणली आणि मावशी टुणकन बाजूला! मी पडता पडता वाचले. खोगिरांच्या खोलीत जाऊन रडले. वाटलं, संपलं, हिला आता विकणारच.
मग तोंड धुतलं आणि पुन्हा फाटकाकडे गेले. सवयीनं दहा पावलं आधी "उजवी" म्हटलं, थाप मारली. आणि गेली! लोण्यातून सुरी जावी तशी. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा गेली. मास्तर म्हणाले, "हं." त्यांचं "हं" म्हणजे शाबासकीच.

२६ एप्रिल
नाल तपासून झाले. लाल पेन, होकायंत्र, गाजरं, दोन रबरबँड (एक तुटला तर?).

२७ एप्रिल, रविवार
हुश्श! हुश्श! हुश्श!
आधी एका खोलीत कोंडतात. भिंतीवर मोठा नकाशा. त्यावरची वाट पंधरा मिनिटांत आपल्या नकाशावर उतरवून घ्यायची. घाईघाईत माझी वाट गांडुळासारखी आली.
पाण्याच्या टाकीजवळ दोन फाटे. मी ओरडले "उजवी" आणि थाप मारली डावीकडे! मावशी जागच्या जागी थांबली. टाचा मारल्या, हलेना. मग रबरबँड दिसला. उजवीकडे थाप मारली, निघाली. बरोबर वाट उजवीचीच होती!
शेवटचं फाटक उजव्या हाताचं, आणि त्याच्या खांबाला प्लास्टिक फडफडतंय. "उजवी गं मावशी, उजवी." तिचा कान माझ्याकडे वळला. आणि चालत, शहाण्या बाईसारखी चालत, गेली.
अकरा जणांत नववा नंबर. मला काय त्याचं! मालकीणबाईंनी मावशीच्या मानेवर हात ठेवला. "राहू दे हिला." मी त्यांना मिठीच मारली. त्या अवघडल्या.
स्पर्धेच्या डॉक्टरांनी शेवटी मावशीची नाडी बघितली, पाय बघितले, सगळं उत्तम. तिच्या तोंडासमोर हात हलवून म्हणाले, "घरी गेल्यावर एकदा डोळे दाखवा." धूळ गेली असेल. रस्ताभर धूळच होती.

२८ एप्रिल
जिना उतरता येत नाहीये. नवरा म्हणाला, "सापडली म्हणायची जगाची उजवी!" स्वतः चहा करून दिला.

३० एप्रिल, बुधवार
डॉक्टर येऊन गेले. मावशीला उजव्या डोळ्यानं दिसत नाही. अजिबात. वर्ष तरी झालं असेल, म्हणाले. दुखत नाही, काळजी नको, नेहमीसारखं बसा. मालकीणबाई कितीतरी वेळ तिच्या उजव्या बाजूला उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मी आहे गं इकडे."
इतके दिवस मला वाटत होतं, उजवी-डावी मी स्वतःलाच सांगतेय.