तिसऱ्या चरणाआधीचा श्वास

दि. ४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप ताईस,

कृतानेक नमस्कार. 'साष्टांग' मुद्दाम गाळलं आहे. डावा गुडघा वाकत नाही, आणि पत्राची सुरुवात खोट्याने करू नये असं म्हणतात. शेवटाबद्दल कोणी काही सांगितलेलं नाही.

फोन करत नाही, कारण फोन केला की तू "गिऱ्हाईक आलंय रे" म्हणून ठेवून देतेस. गेल्या तीन महिन्यांत तुझ्या चष्म्याच्या दुकानात खरोखर इतकी गिऱ्हाइकं आली असतील, तर एव्हाना सगळ्या गावाला चष्मा लागला असणार. पत्राचं बरं असतं. गिऱ्हाईक आलं तरी ते गल्ल्याशेजारी पडून राहतं.

इकडे विद्यापीठ यथास्थित आहे, म्हणजे लिफ्ट बंद आहे. ती इतकी वर्षं बंद आहे की उशिरा येणारी मुलंसुद्धा आता तिचं नाव सांगत नाहीत. माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर सतरा नावं, बाकांवर अकरा चेहरे आणि त्यांतले साधारण चार जागे. संस्कृतला याहून जास्त कधी नव्हते, हे मी नव्या विभागप्रमुखांना दर महिन्याला समजावून सांगतो.

नवीन म्हणावं असं एकच. आमच्या समोर, व्हरांड्याच्या पलीकडे ध्वनिशास्त्राची प्रयोगशाळा आहे. तिथे एक मुलगी पीएच.डी. करते. सगळे तिला कानसेन म्हणतात, आणि ते तिने मानाने घेतलं आहे. माणसाचा हेल एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हा तिचा विषय. शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांचे आवाज भरून घेत फिरते. परवा मला जिन्यात गाठलं.

"सर, तुमचा आवाज हवाय."

"माझा कशाला? मला हेल नाही."

"असं सगळेच म्हणतात, सर. हेल नेहमी दुसऱ्यांना असतो."

मी जिना चढायला लागलो. पण ताई, त्या दिवसापासून कुतूहलाने पोखरलंय. आरशात तोंड दिसतं, आवाज कुठे दिसतो? बावन्न वर्षं बोलतोय, त्यांतली सव्वीस पगार घेऊन, आणि आपण कसे बोलतो ते ठाऊक नाही! कॅन्टीनवाल्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुम्ही ना सर, चहा मागतानासुद्धा आशीर्वाद दिल्यासारखा मागता." आता बोल.

आणखी एक. विद्यापीठाच्या संग्रहासाठी बाबांचा तो नव्वद श्लोकांचा पाठ माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित होणार आहे. बावीस तारखेला. पत्रिकेवर 'गुरुपरंपरेचा शुद्ध पाठ' असं छापायचं ठरलंय. बाबांची शिस्त तुला आठवते. पाठ पुस्तकातून घ्यायचा नाही, गुरूच्या तोंडून घ्यायचा, आणि जसाच्या तसा. गुरू जिथे श्वास घेईल तिथे शिष्यानेही घ्यायचा. आता तो कायमचा जपला जाईल. नंतर कुणाला शंका आली, तर हेच प्रमाण.

तुला यायला जमेल का? सहज विचारतो.

भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा


दि. १२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप ताईस,

कृतानेक नमस्कार. दुकानाच्या पावतीमागे लिहिलेलं उत्तर पोचलं. "बरी आहे. येणं जमणार नाही. गुडघ्याला शेक दे." एकूण आठ शब्द, त्यांतले तीन गुडघ्याला. इतकं सूत्रबद्ध लिहिण्यासाठी आमच्यात लोक आयुष्य घालवतात.

शेक देतो आहे.

गेल्या गुरुवारी कानसेनच्या खोलीत जाऊन बसलो. चारी भिंतींना जाड स्पंज लावलेला आहे. गादीच्या पोटात बसल्यासारखं वाटतं. तिने आधी गप्पा मारायला लावल्या, मग शब्दांची एक यादी वाचायला दिली, मग म्हणाली, "आता तुमचा तो पाठ म्हणा, सर." दहा श्लोक म्हटले. नंतर तिने कानाला यंत्र लावून मलाच मी ऐकवला.

गप्पांमधला मी कोणी तरी जाड, किंचित कंटाळलेला गृहस्थ निघाला. ते सोसलं. पण पाठ सुरू झाला आणि मी मान वर केली. वाटलं, दारातून बाबा आत आले. आवाज माझा, आणि चाल, चढ, उतार, शेवटचं अक्षर जरा दाबणं, सगळं त्यांचं. क्षणभर मांडी नीट घालून बसलो. खुर्चीत, हो. गुडघा ओरडला.

मग तिने पडद्यावर आलेख दाखवला. डोंगर काढल्यासारखी रेघ, आणि मधेच एक सपाट तुकडा.

"इथे काय होतं, सर?"

"कुठे?"

"तिसऱ्या चरणाच्या आधी. प्रत्येक श्लोकात तुम्ही थांबता. अर्ध्या सेकंदाच्या किंचित वर."

"परंपरा आहे."

"अर्थाला तर तिथे थांबायची गरज नाही. उलट वाक्य मोडतं."

"परंपरेला अर्थाची परवानगी लागत नाही," मी म्हणालो. वाक्य चांगलं होतं, वर्गात नक्की हशा आला असता. ती हसली नाही. तिने माझ्या अकराही मुलांचे आलेख ओळीने लावले. अकराही ठिकाणी तोच सपाट तुकडा. सहा वर्षांपूर्वी शिकून गेलेला माझा एक विद्यार्थी दुसऱ्या शहरात शिकवतो. त्याच्या विद्यार्थ्यांचेही आवाज तिने मागवले होते. तिथेही तेच. ज्यांनी मला पाहिलं नाही, बाबांना पाहणं तर शक्यच नाही, ती पोरं नेमकी तिथे थांबतात.

आणि गंमत ऐक. ही सवय मुलांच्या बोलण्यातही उतरलीय. कॅन्टीनवाले काका म्हणाले, "तुमची पोरं लांबूनही ओळखू येतात. 'काका, दोन चहा आणि...' म्हणून थांबतात. मला वाटतं आता काय मागतायत कोण जाणे. तर एक बिस्किटचा पुडा!" मी पोट धरून हसलो. काकांसमोर.

कानसेनने शेवटी विचारलं, "सर, ही परंपरा नेमकी कुठून सुरू झाली? तुमच्या वडिलांचे गुरूही थांबायचे का?"

मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "माझा तास आहे."

तास नव्हता. तुझं गिऱ्हाईक असतं ना, तसाच तो तास.

भावोजींची तब्येत कळव. तू अजून काचा स्वतःच घासतेस की माणूस ठेवलास?

तुझा धाकटा


दि. १९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. या पत्रात विनोद कमी आहेत. असलेच तर सवयीने आलेले असतील, तिकडे दुर्लक्ष कर.

कानसेनच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. नऊ वर्षांचा असल्यापासून ठाऊक आहे.

तू तेरा वर्षांची होतीस. मावशीच्या बाळंतपणासाठी तुला चार महिने तिकडे पाठवलं होतं. तू गेलीस आणि त्या हिवाळ्यात बाबांना दमा लागला. पुढच्या खोलीत सतरंजीवर दहा मुलं बसायची, आणि बाबांना श्लोक एका दमात पुरा होईना. दोन चरण झाले की श्वास संपायचा. ते थांबायचे, हळूच हवा घ्यायचे आणि पुढे जायचे. मुलांना कोणी काही सांगितलं नाही. गुरू थांबला, म्हणून तीही थांबायला लागली. बाबांनी त्यांना दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि दम लागणाऱ्या पाठकाकडे आपली मुलं कोण पाठवणार? घरात आईला माहीत होतं आणि मला. माझं काम होतं दम्याचा पंप खिशात ठेवून दाराआड उभं राहायचं. मधल्या सुटीत बाबा पाणी प्यायच्या निमित्ताने आत यायचे.

तू पाठाच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी परत आलीस. मला सांगता आलं असतं. जेवताना तू माझ्या शेजारीच बसली होतीस. पण बाबांनी "कुणाला नाही" म्हणून बजावलं होतं, आणि 'कुणाला'मध्ये तू येतेस की नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. सगळ्यांनी मिळून पाठ सुरू केला. तिसऱ्या चरणाआधी दहा मुलं थांबली आणि तू एकटी सरळ पुढे गेलीस. पुढच्या श्लोकात पुन्हा तेच. तपासनिसांनी हात वर करून विचारलं, "ही कोण?" आणि बाबा म्हणाले, "माझी मुलगी. हिचा पाठ बिघडलाय. ऊठ, आत जा."

दारात तू थांबलीस. बाबांकडे पाहिलं नाहीस, माझ्याकडे पाहिलंस. मला काही माहीत असेल असं तुला वाटलं नसणार. तिथे आपलं असं कोणी उभं होतं म्हणून पाहिलंस. माझा हात खिशात होता, पंपावर. मी खाली बघितलं.

ताई, तू चुकली नव्हतीस. बाबांना दम लागायच्या आधी, त्यांच्या मांडीवर बसून तू जो पाठ घेतलास, तोच त्यांच्या गुरूंचा पाठ होता. त्या खोलीत बरोबर म्हणणारी तू एकटी होतीस. बाबांनाही ते ठाऊक होतं.

त्यानंतर तू सतरंजीवर बसली नाहीस. पुढच्या वर्षी तुझ्या जागी मला बसवलं. त्या जागेवरून मी शिष्यवृत्ती मिळवली, पदवी मिळवली, ही नोकरी मिळवली, आणि सव्वीस वर्षं बाबांचा दमा शुद्ध परंपरा म्हणून शिकवला. बाबा गेल्यावर तरी तुला सांगायला हवं होतं. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की आता उकरून कशाला काढायचं. मी शब्द वापरण्यात वाकबगार आहे, हे तू जाणतेस.

आता काय केलं ते सांगतो. करायचं आहे असं नव्हे, केलं आहे.

सोमवारी कानसेनकडे जाऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सर, न थांबता म्हणून बघा." बघितलं. अकरा वेळा बघितलं. दर वेळी तिसऱ्या चरणाच्या तोंडाशी घसा आपोआप मिटतो. मला दमा नाही, ताई. पण बाबांच्या दम्यासाठी मी अजून थांबतो.

मंगळवारी विभागप्रमुखांना लेखी दिलं की बावीस तारखेला माझा आवाज भरला जाणार नाही. ते हादरले. "अहो, पत्रिका छापून झाल्यात!" मी म्हटलं, "मग 'शुद्ध' या शब्दावर शाई फिरवा, बाकीचं चालेल." समितीपुढे जायला तयार राहा म्हणाले. तयार आहे.

आज वर्गात सांगितलं. अकराच्या अकरा जागे होते, असा योग पहिल्यांदाच आला. शेवटी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग परीक्षेत थांबायचं की नाही?" मी म्हणालो, "नाही. आणि कोणी थांबलंच, तर मार्क कापणार नाही. चूक माझी आहे."

अजून एक कबुली आहे, आणि तीत भावोजी सामील आहेत. त्यांना रागावू नकोस. मी फोनवर विचारलं, "ताईला तो पाठ आठवत असेल का हो?" तर म्हणाले, "पाठबीठ मला कळत नाही. पण काच घासायला बसली की सारखी पुटपुटत असते. मी समजतो, मला शिव्या देते." मी त्यांना गळ घातली. त्यांनी फोन तसाच चालू ठेवून तुझ्या मागच्या मांडणीत ठेवला. चाकाची घरघर होती, तू मधेच "ही चाळिशी कुणाची?" म्हणून ओरडलीस, पण मला ऐकू आलं. बेचाळिसावा श्लोक. दुसरा चरण संपला, माझा इथे श्वास अडला, आणि तू सरळ पुढे गेलीस.

चोरून ऐकायला नको होतं. पण बरं झालं, ऐकलं.

तर मी शनिवारी येतो आहे. बावीसलाच. पाठ भरायचा तो दिवस ठरलेला आहे, आवाज मात्र दुसरा असेल, तू देशील तर. कानसेनने तिचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र दिलं आहे, आणि माझ्यावर विश्वास नसल्याने कोणतं बटण दाबायचं ते कागदावर लिहूनही दिलं आहे. तू नाही म्हणालीस तर यंत्र पिशवीतून बाहेर काढणार नाही. तो तुझा हक्क आहे. संग्रह रिकामा राहिला तरी चालेल, चुकीचा भरला जाणार नाही एवढं मी पाहिलं आहे.

यंत्र नको असेल तर मला एकट्याला शिकव. पहिल्या श्लोकापासून. मी अडखळेन. तू बाबांसारखी "आत जा" म्हणालीस तरी उठणार नाही. गुडघ्याचं निमित्त आहेच.

दहाला दुकान उघडशील, तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसलेला असेन. खुशाल ओरडून सांग, "गिऱ्हाईक आलंय." या वेळी खरंच आलेलं असेल.

तुझा धाकटा,
ज्याच्या खिशात त्या दिवशी पंप होता