काटा स्थिर होईपर्यंत

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाळांच्या अतिदक्षता विभागात फोन नेऊ देत नाहीत आणि बाहेर आल्यावर मला बोलवत नाही, म्हणून लिहिते आहे. तुझा खोकला पूर्ण गेल्याशिवाय निघू नकोस. आत सोडणार नाहीत. तू काचेपलीकडून हात हलवत बसशील, ते मला नको आहे.

दोघं दोन पेट्यांत आहेत. मुलगी दाराजवळ, मुलगा खिडकीजवळ. मुलगी अकराशे ग्रॅमची आहे. स्वतः श्वास घेते, नाकातल्या नळीची थोडी मदत लागते. मुलगा आठशेच्या आत आहे. त्याचा श्वास यंत्र घेतं. पोटात दोघांच्या वाट्याला सारखं आलं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. यात कुणाची चूक नसते, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

मी वाकून चालते. दूध पंपाने काढून, बाटलीवर चिठ्ठी लावून देते. ते त्यांना नळीतून थेंबाथेंबाने जातं. शेजारच्या पलंगावरच्या बाईचं बाळ तिच्याजवळच असतं. ते रडलं की माझा सदरा भिजतो. सवय होईल.

नवरा कामावरून थेट येतो, पेटीसमोर उभा राहतो आणि काही बोलत नाही.

लोभ असू दे. खोकल्यावर औषधही असू दे.

तुझी,
धाकटी


दि. ८ फेब्रुवारी

चि. काटेकोर हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे तुमच्या प्रयोगशाळेचा अहवाल. सही-शिक्का तेवढा राहिला. अगं, वजन कळलं, श्वास कळला, पण दिसतात कशी ते लिहायला शाई संपली होती का? आणि मुलगा, मुलगी काय म्हणतेस? नावं ठेवायची तेव्हा ठेवा, मी आपली बिट्टी आणि बंड्या म्हणणार.

तुझ्या मौनीबाबांना काल फोन केला. हं, हो, बरं, एवढ्यात संपला. पण ठेवता ठेवता बोलले, की सिस्टर तुला रोज विचारतात, बाळाला उघड्या छातीशी धरून बसणार का. तू बिट्टीला घेतेस आणि बंड्याला नको म्हणतेस. चहाडी झाली तर होऊ दे. का गं? लहानपणी थर्मामीटर बुडवल्याशिवाय अंघोळीला बसायची नाहीस, तेव्हा आम्ही हसायचो. आता मला हसू येत नाही.

टाके दुखत असतील तर दुखतात म्हण. त्याला दंड नाही.

इथली काळजी नको. खोकला रात्रीपुरता उरलाय. तुझ्यावरची माया आहे तशीच आहे, तिची तपासणी करू नकोस.

तुझी,
ताई


दि. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बिट्टीला छातीशी घेतलं की तिचा ऑक्सिजनचा आकडा वर जातो. बंड्याचं उलट आहे. नुसती कूस बदलली तरी त्याचा आकडा पडतो, यंत्र ओरडतं, आणि तो पुन्हा वर यायला वेळ लागतो.

माझं काम तू पाहिलेलं नाहीस. वजनकाटा तपासताना पारड्यात माप ठेवायचं, हात काढायचा आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं. मधे हात लागला तर नोंद बाद. आम्हाला सगळ्यात आधी हेच शिकवतात. एक अख्खा दिवस बंड्याचा आकडा न घसरता गेला की मी त्याला घेईन. मोठ्या सिस्टरना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, बाई, काही मुलं घेतल्यावरच स्थिर होतात. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, की घ्यायला हरकत नाही. हरकत नसणं आणि घ्याच म्हणणं यांत फरक आहे.

परवा जवळजवळ जमलं होतं. संध्याकाळ झाली तरी आकडा टिकून होता. मी पुढून उघडणारा सदरा घालून बसले होते. मग तपासणीसाठी त्याचं रक्त घ्यायला आले आणि आकडा पडला. मी बटणं लावली.

दिसतात कशी म्हणशील, तर चेहऱ्यावर चिकटपट्ट्या आहेत. कान मात्र तुझ्यासारखे, पुढे आलेले. दोघांचेही. माझा इलाज नव्हता.

टाके दुखतात.

लोभ आहे तो कमी करू नये.

तुझी,
धाकटी


दि. १५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

थट्टा बाजूला ठेवते. तुझं शास्त्र मला कळत नाही आणि ते खोटं आहे असंही म्हणत नाही. पण बंड्याला घे. आकडा पडला तर सांभाळायला सिस्टर बसल्यात. तू त्याला जपते आहेस की स्वतःला, एवढं एकदा बघ.

मोठी आहे म्हणून हुकूम करत नाही, हात जोडते. राग आला तर रागाव, पण लिही.

तुम्हा चौघांची,
ताई


दि. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर नवऱ्याने तुला सांगितलंच आहे. उरलेलं लिहिते.

तुझं पत्र आलं त्या सकाळी बंड्याचं पोट फुगलं होतं. दूध बंद केलं होतं. आतड्याचा मोठा भाग काळा पडला होता. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर येऊन पाहून गेले. एवढ्या जिवाला ती सोसणार नाही म्हणाले. दुपारी आम्हाला बाजूच्या खोलीत बसवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घेणार का. आता तरी घेणार का, असं त्या म्हणाल्या नाहीत. मला तसं ऐकू आलं.

सिस्टरनी पडदा ओढला आणि यंत्राचा चेहरा भिंतीकडे फिरवला. नळ्या काढल्या, पट्ट्या काढल्या, आणि त्याला माझ्या छातीवर ठेवलं. त्याचा पूर्ण चेहरा मी तेव्हा पाहिला. वजन जाणवत नव्हतं, ऊब जाणवत होती. नवरा बोलायला लागला. सलग, बंड्याशीच. स्वतःच्या लहानपणी शाळेच्या वाटेवर एक लंगडा कुत्रा होता, तो कसा फाटकापर्यंत सोबत यायचा, सायकल शिकताना कोण मागून धरायचं. एवढं बोलताना मी त्याला कधी ऐकलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी वाकून स्टेथोस्कोप लावला आणि मान हलवली, तेव्हा मला कळलं. तो आधीच गेला होता. माझ्या छातीवर होता, तरी मला तो क्षण सांगता येत नाही. ताई, तो मला बरोबर सांगता यायला हवा होता.

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. ते लिहवत नाही.

संध्याकाळी कोपरापर्यंत हात धुऊन मी आत गेले. खिडकीजवळची पेटी पुसून ठेवली होती. बिट्टी दिवसभर बेचैन होती, तिचा आकडा खाली-वर होत होता. सिस्टर म्हणाल्या, आज राहू दे, उद्या घ्या. मी म्हटलं, आजच द्या. त्यांनी दिली. आकडा पडला, यंत्र ओरडलं. सिस्टर जवळ येऊन उभ्या राहिल्या. बिट्टीला उचलायला त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. आकडा थोडा वर आला, पुन्हा पडला. मी तिला घेऊन बसून राहिले.

लोभ असावा, हे या वेळी रिवाज म्हणून लिहीत नाही.

तुझी,
धाकटी