बसमध्ये मी बोललेलं वाक्य

ताई, सौदीतल्या अबकैकच्या तुझ्या स्वयंपाकघरात आपण हाँगकाँगचं जुनं वर्तमानपत्र पसरून त्यावर कोथिंबीर निवडायचो. तुझ्या बहिणीने तुझ्या माहेराहून पाठवलेलं ते. त्यातल्या नट्यांचे उघडे दंड कस्टमवाल्यांनी काळ्या मार्करने रंगवलेले. कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, अशा त्या पानाला तू तुझ्या कँटोनीज भाषेत 'फा-पिन सन-मन' म्हणायचीस, म्हणजे लेस लावलेल्या बातम्या. कुचाळक्या म्हणजे 'बात-ग्वा'. आतली गोष्ट फोडणं म्हणजे 'बाउ-लिउ'. मी सगळं वहीत देवनागरीत उतरवून घ्यायचे. कॉन्व्हेंट शाळेत चहाड्या केल्या म्हणून सिस्टरांनी गुडघ्यांवर बसवलेली मी, तुझ्याकडे तासन् तास बसायचे. "भाज्यांची नावं राहत नाहीत लक्षात, हे बरं राहतं!" तू हसायचीस.

अल-खोबरच्या बाजारात नेणाऱ्या बायकांच्या बसमध्ये ही आपली गुप्त भाषा. त्या दिवशी आपल्या कॉलनीतली माझी नाशिकची मैत्रीण दोन सीट पुढे बसली आहे. माझ्या नवऱ्याने ऑफिसातून आणलेली बातमी मला पोटात ठेवता येत नाही. "बाउ-लिउ!" मी तुझ्या भाषेत मोडकंतोडकं सांगते, "हिच्या नवऱ्याची नोकरी गेली. फायनल एक्झिट, कायमचं देशात परत." तू माझा हात दाबतेस. "गप्प बस." आपल्या पुढच्याच सीटवर क्लिनिकमधली मलेशियाची नर्स होती. तिच्या घरी हीच भाषा बोलतात, हे आपल्या गावीही नव्हतं.

नर्सने बिचारीने मायेपोटीच मैत्रिणीला नोकरीचं विचारलं, पण मुलासमोर. त्याची बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. ती होईपर्यंत त्याला कळू द्यायचं नाही, असं नवराबायकोने ठरवलं होतं. बायकांच्या पुढच्या चहाला मैत्रीण तुझ्यावर तुटून पडली. "माझ्याच मुलाचं वाटोळं करायचं होतं तुला? नर्सने तुमच्या भाषेत ऐकलंय. तुझ्याशिवाय इथे कुणाला येते ती?" तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मी शंकरपाळ्यांची बशी फिरवत राहिले. तू म्हणालीस, "सॉरी."

त्यानंतर तुला कुणी चहाला बोलावलं नाही. मी यायचे, पण मागच्या दाराने. तू विषय काढला नाहीस, मीही नाही. वर्षभरात तू हाँगकाँगला परतलीस आणि पुढच्याच वर्षी वारलीस.

आता आमचाही फायनल एक्झिट लागला आहे. हे मराठीत लिहिते आहे. तुला वाचता आलं नसतं, म्हणूनच जमतंय बहुतेक. सामान बांधताना मुलीसाठी लिहून ठेवलं आहे: हाँगकाँगला परतताना तू मला दिलेली चहाची किटली तुझ्या लेकीकडे पोचवायची. शब्दांची वही माझ्या नातीला. आणि हे पत्र नाशिकच्या मैत्रिणीला, पण मी मेल्यावर. तिच्यासमोर बसून सांगायचा धीर, ताई, मला अजून नाही.