चढावर दम लागतो

३ फेब्रुवारी
दादाची पिकअप पिकअप घेत नाही! विनोद त्याचाच, पण हसला नाही. मीच हसले.

गॅरेजच्या दारात गाडी उभी केली आणि इंजिन चालूच ठेवून उतरला. "सपाटीला झकास पळते गं. खिंडीचा चढ लागला की मरते. मागून कुणी धरून ठेवल्यासारखी. आणि मागे पेट्या असल्या, तर विचारूच नकोस."

पेट्या म्हणजे मधमाश्यांच्या. खिंडीपलीकडे मोहरी फुलायला लागली आहे. दादा दरवर्षी या दिवसांत सगळं बिऱ्हाड तिकडे हलवतो. वर्षाचा निम्मा मध तिथलाच. फुलं काही गाडी दुरुस्त व्हायची वाट बघत बसणार नाहीत.

बॉनेट उघडलं आणि नुसती ऐकत उभी राहिले. इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या टर्बोची शीळ मला फार आवडते. बारीक, लांबची — डोंगरापलीकडून कुणी हाक मारावी तशी. आज ती होती. स्वच्छ होती. मग दम जातोय कुठे?

४ फेब्रुवारी
एअर फिल्टर बदलला. जुना तसा स्वच्छच होता. घडीत एक मेलेली मधमाशी सापडली, पंख अजून शाबूत. उन्हात धरून बघितले. काचेपेक्षा पातळ!

मग होजपाईपांत हवा भरली, वरून साबणाचं पाणी मारलं. ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या तोंडाशी फुगे! एकातून एक उगवत होते, प्रत्येकात अख्खं गॅरेज उलटं. किती वेळ बघत बसले कोण जाणे. गॅरेजच्या मालकांनी हाक मारली, "बाई, स्वप्नातून उठा, पाना घ्या." क्लिप सैल होती. आवळली. झालं!

५ फेब्रुवारी
नाही झालं.

७ फेब्रुवारी
खिंडीतून दादाचा फोन. "तशीच आहे. भरलेले ट्रक हॉर्न मारत पुढे जातायत. लाज काढली तुझ्या गाडीनं." — बिघडली की ती माझी गाडी!

"धूर येतोय का? काळा?"
"अजिबात नाही."

इथेच घोडं अडतंय. हवा कुठे गळत असती तर धूर आला असता. धूर नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही. शीळ आहे, दम नाही.

दुपारी बाकावर डोळा लागला. स्वप्नात मी टर्बोच्या आत. गोगलगाईच्या शंखासारखा गोल जिना, ऊन ऊन. बाहेर पडणारा धूर जाता जाता एक चक्र फिरवत होता, आणि ते चक्र फिरलं की दुसऱ्या दारातून ताजी हवा आत. जाणाऱ्यानं येणाऱ्यासाठी दार उघडून द्यावं तसं. तिथून निघावंसंच वाटेना. जागी झाले तर गालावर बाकाच्या फळीचे वळ.

९ फेब्रुवारी
मागे पेट्यांऐवजी वाळूची पोती टाकून गाडी मी एकटीच खिंडीत नेली. पाखरासारखी चढली! काच खाली केली, शीळ कड्यांवर आपटून परत येत होती. वर पोचले तर पलीकडे खाली सगळं पिवळं. कुणी ऊन सांडून गेलंय आणि पुसायला विसरलंय. खूप वेळ बसून राहिले. ज्या कामाला आले होते तेच विसरले.

दादाच्या घरी जाऊन सांगितलं — माझ्या हातात नीट चालते.

दादाचा चेहरा पडला. "म्हणजे मला चालवता येत नाही?"
"तसं कुठे म्हटलं मी?"
"याच चढावर मी शिकवलं तुला, चिमणे. क्लच सोडताना रडायचीस."

खरं आहे ते. डॉक्टरसमोर आजारी पोर खेळायला लागतं, तसं गाड्यांचंही होतं कधी कधी. बिघाड लपून बसतो. तसंच असणार.

वहिनी दारापर्यंत सोडायला आली. "ताई, मनावर घेऊ नका. हल्ली जरा काही झालं की चिडतात. दमतातही फार."

११ फेब्रुवारी
टर्बोच उतरवला. टर्बोवाल्या काकांकडे घेऊन गेले. त्यांनी पातं बोटानं फिरवलं, कानाशी नेलं, डोळे मिटले. मीही मिटले. दोघं देवळात उभे असल्यासारखे!

"काय झालंय याला?"
"काही नाही. ठणठणीत आहे."
"मग गाडी चढत का नाही, काका?"
"ते गाडीला विचार. याला कशाला छळतेस?"

परत बसवताना बोटं सोलली. दादा शेजारी स्टुलावर बसून होता. म्हणाला, "नसेल जमत तर तसं सांग. दुसऱ्याला दाखवतो." लागलं मला.

१३ फेब्रुवारी
सापडलं! सापडलं! सापडलं!

आज गाडीला स्कॅनर लावून दादाच्या शेजारी बसले, पोती मागे. पडद्यावर तीन रेघा — एक्सलेटर किती दाबलाय, इंजिन किती हवा मागतंय, टर्बो किती देतोय. मागणं आणि देणं एकमेकांना चिकटून, सोबत चालणाऱ्या माणसांसारखं. चढ लागला. दादा म्हणाला, "बघ, मेली." आणि सगळ्यात आधी पडली ती एक्सलेटरची रेघ! बाकीच्या दोघी तिच्या मागोमाग.

म्हणजे टर्बो बिचारा निर्दोष. जेवढं मागितलं तेवढं देतोय. मागणंच कमी पोचतंय. दादा पाय दाबून बसलाय, आणि पेडलचा सेन्सर इंजिनला सांगतोय की नाही, पाय हलकाच आहे. खोटारडा! नवं पेडल मागवलं. दादाला म्हटलं, "दोष पायाशी होता आणि मी डोक्याशी शोधत होते." तो हसला. किती दिवसांनी!

१५ फेब्रुवारी
पेडल आलं, बसवलं. उभ्या गाडीत तपासलं — रेघ सरळ वर, सरळ खाली.

वहिनी म्हणते पलीकडे मोहरी ऐन भरात आहे. पेट्यांना कान लावून बघितला. आत समुद्र.

१७ फेब्रुवारी
पेट्या पोचल्या. मोहरीच्या कडेला मांडल्या. चढाच्या मध्यापासून गाडी मी चालवली. उद्या सकाळी दादाला डॉक्टरकडे न्यायचंय, वहिनीला सांगून ठेवलंय.

संध्याकाळी पेट्या घेऊन निघालो तेव्हा दादा खुशीत होता. मागे माश्यांची गुणगुण, पुढे शीळ, माझ्या मांडीवर स्कॅनर. तिसऱ्या वळणावर रेघ पडली. नवं पेडल, तरी पडली!

"दादा, दाब."
"दाबतोय ना! तळाला टेकलाय."

तेव्हा पहिल्यांदा पडद्यावरची नजर काढून खाली बघितलं. त्याचा पाय पेडलवर होता. नुसता ठेवलेला. झोपलेल्या माणसाचा हात उशीवर असतो, तसा.

मी वाकले, त्याच्या पावलावर हात ठेवला आणि दाबला. गाडीनं दम घेतला. चढायला लागली.

"बघ, आली लायनीवर!" दादा म्हणाला. समोर रस्त्याकडे बघत, हसत. "काय केलंस?"

माझा हात अजून त्याच्या पावलावरच होता.