झटकलेले कपडे

केडगाव,
२२ फेब्रुवारी २०२५

अहो,

नमस्कार. मी इथे गोरक्षदादाकडे बरी आहे. जेवते, झोपते, वहिनीला लसूण सोलून देते. याहून जड काम ती मला देत नाही. कांद्याच्या बियाण्याला आता फुलांचे गोंडे भरून आले असतील आणि तुमच्या मधपेट्या भाड्याने लोकांच्या बांधावर गेल्या असतील. यंदा मागणी चांगली आहे, असं दादा म्हणत होता.

फोन सोडून दादाच्या हाती पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणता आणि विषय तिथेच मिटतो.

रक्ताचा रिपोर्ट आला. मधमाशीच्या विषाची ॲलर्जी, तीही कडक. डॉक्टरबाईंनी विचारलं, याआधी कितीदा चावली? मी म्हटलं, एकदाही नाही, पेट्यांजवळ मी कधी जातच नाही. त्या दिवशी तुमच्या शर्टाच्या बाहीत राहिलेली माशी, तीच पहिली. तळहात खाजले, ओठ सुजले, घसा आवळला, आणि डोळे उघडले ते नगरच्या दवाखान्यात. बाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "पेट्यांवरचे कपडे घरात कोण धुतं?"

कोण धुणार? लग्न झाल्यापासून मीच. आधी दारात झटकायचे, शिवणीत अडकलेल्या नांग्या नखाने काढायच्या, मग भिजवायचे.

झटकताना उडणाऱ्या धुळीतून विष थोडं थोडं अंगात जात होतं म्हणे. आपल्या काही पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात, भिंतीतल्या खुंट्यांसारखे. शरीर त्या विषासाठी जी प्रतिपिंडं तयार करतं, ती या खुंट्यांवर जाऊन बसतात. दुखत नाही, कळत नाही. मग एक दिवस खरा डंख बसला, की ती विषाला धरतात आणि पेशी आतलं सगळं एकदम बाहेर ओततात. त्यात माणूस जातं. बाई सांगत होत्या आणि मी दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं ऐकत होते. रडू येईल वाटलं होतं, आलं नाही. अजूनही येत नाही.

पेट्या विका, असं मी म्हणणार नाही. मी घरी कधी यायचं ते तुम्ही विचारत नाही, मीही तो विषय काढत नाही. ते राहू द्या.

लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. काल निकिताचा फोन आला. बारावीच्या पेपरचं सांगेल असं वाटलं. ती म्हणाली, "मम्मी, तू काळजी करू नको. पप्पांचे कपडे आता मीच धुती. तुझ्यावानी आधी झटकून घेती. हाताला जरा खाज येती, पण ती साबणाची असंल."

मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. मग वहिनीचा होता नव्हता तेवढा लसूण सोलून टाकला.

तिला सोमवारी इकडे आणा, रक्त तपासायला. पेपर असला तर पेपर सुटल्यावर. आणि आजपासून ते कपडे तुम्ही धुवा. रानातच बदला, विहिरीवरच धुवा, घरात आणू नका. आपल्या वस्तीवर कुण्या पुरुषाने धुणं धुतलेलं मी पाहिलेलं नाही. लोक हसतील. हसू द्या.

मी परत येईन की नाही, मला आज ठाऊक नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही. भीती एकाच गोष्टीची वाटते, ती वर लिहिली.

कपडे कोण धुतं ते मी तुम्हाला विचारणार नाही. सोमवारी तिचे हात बघेन.

निकिताची आई,
रोहिणी